सातवी पट्टी

पाण्याच्या टाकीची भिंत ओतताना आतल्या आणि बाहेरच्या फळ्यांमधलं अंतर सारखं राहावं म्हणून मिस्त्री मध्ये लाकडी पट्ट्या घालायचा. काँक्रीट वर चढलं की पट्टी ओढून बाहेर काढायची. प्रत्येकीवर त्यानं चाकूनं आकडा कोरलेला. लोक म्हणायचे, मिस्त्री लाकडांची हजेरी घेतो. म्हणेनात का.

त्या दिवशी बारा पट्ट्या आत गेल्या आणि अकरा बाहेर आल्या. सात नंबरची गायब.

"कुणीतरी चहाखाली जाळली असेल," मेव्हणा म्हणाला. तो फळ्या ठोकायचा आणि सल्ले फुकट द्यायचा. "मूग गिळून गप्प बसा, दाजी."

फळ्या निघाल्या. भिंत गुळगुळीत, कुठे नाव ठेवायला जागा नाही. मिस्त्रीनं हातोडीनं ती ठोकून पाहिली. शिडीजवळ आवाज बद्द आला, म्हणून त्यानं तिथंच पुन्हा ठोकलं. इस्पितळाची मोठी टाकी निघणार होती. ही पास झाली की ते काम तुझंच, असं इंजिनिअर साहेबांनी त्याला सांगून ठेवलं होतं. वीस वर्षं छोट्या टाक्या बांधणारा माणूस अशाच एका कामाची वाट बघत असतो.

टाकी भरली, सात दिवस तशीच ठेवली. एक थेंब गळला नाही. साहेब खूश. पास केल्याच्या कागदावर सही करायला त्यांनी पेन काढलं. मेव्हणा मागून डोळ्यांनी खुणावत होता.

"साहेब, थांबा जरा," मिस्त्री म्हणाला. "एक पट्टी भिंतीत राहिलीय. आत्ता फुगून बसलीय म्हणून गळत नाही. उद्या कुजेल, आणि लोक तेच पाणी पितील."

"कशावरून राहिलीय?"

"मोजल्यात."

टाकी रिकामी करून भिंत फोडली. काळं पडलेलं लाकूड निघालं, त्यावर सात. साहेबांनी ते फिरवून पाहिलं आणि परत दिलं.

मोठी टाकी दुसऱ्या मिस्त्रीला गेली. मेव्हण्याचंही काम त्यासोबत बुडालं, म्हणून तो महिनाभर बहिणीकडे जेवायला फिरकला नाही. रागावू दे बापडा. मिस्त्रीलाही वाईट वाटलंच, चांगलंच वाईट वाटलं.

मग साहेबांचा निरोप आला. इस्पितळाची भिंत ओतायला घेतलीय, तू ये. ओतणार दुसराच. तुझं काम एकच, पट्ट्या मोजायच्या.

"जाणार?" बायकोनं विचारलं.

मिस्त्रीनं चाकूला धार लावली आणि तिथल्या साठ पट्ट्यांवर आकडे कोरायला निघाला.