पंचेचाळीस चौकोन

मित्रांनो, माझं वर्ष कधीच उलटून गेलं. आज कुठली तारीख, कुठला वार, हे विचारायला माझ्याकडे कुणी येत नाही, आणि आलंच तर मी त्याला चुकीचं सांगेन. मी एक जुनं कॅलेंडर आहे. बारा पानं, वर एक भोक, प्रत्येक पानावर तारखांचे चौकोन, एवढाच माझा संसार. तरी मला राजधानीपर्यंत नेलं गेलं, माझ्या पानांची झेरॉक्स काढली गेली, आणि त्यानंतर एका राज्याचा आकडा घसरला. ते कसं घडलं, ते सांगतो.

माझा जन्म शहरातल्या एका छापखान्यात झाला. माझ्यासारखी आठशे होती. प्रत्येकाच्या तळाशी ऑर्डवेल गावातल्या बी-बियाण्यांच्या दुकानाचं नाव होतं, आणि डिसेंबरात दुकानदार ती गिऱ्हाइकांना फुकट वाटत असे. मला वेंडेल टॉलेफसननं उचललं. तो गव्हाचा ट्रक चालवायचा. कोंबड्यांचं खाद्य घ्यायला आला होता, जाताना मला काखेत मारून घरी घेऊन गेला. त्याची बायको मार्लिस हिनं मला स्वयंपाकघरात फ्रिजशेजारच्या खिळ्याला अडकवलं.

पहिले दोन महिने माझ्या वाट्याला साधीच कामं आली. ट्रकचं ऑइल बदलणं. दातांचा डॉक्टर. चर्चच्या जेवणासाठी मार्लिसनं करायची बटाट्याची डिश. मार्लिस गावातल्या वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात कामाला होती, तिच्या ड्यूट्याही माझ्यावरच लिहिलेल्या असत. बारीक अक्षर आणि शिसपेन्सिल. खोडायला बरं, असं ती म्हणायची.

त्यांची मुलगी ट्रूडी तेव्हा एकोणीस महिन्यांची होती. ती बसायची, हसायची, चमचा टेबलावर इतका आपटायची की मी खिळ्यावर हलायचो. पण ती उभी राहत नव्हती. काखेत धरून उभं केलं की तिचे पाय कात्रीसारखे एकमेकांवर यायचे. तीन मार्चला मार्लिस तिला डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी त्याच दिवशी राज्याच्या सेवेला चिठ्ठी पाठवली. तीन वर्षांखालच्या ज्या मुलांची वाढ मागे पडते, त्यांच्या घरी येऊन मदत करणारी ही सेवा.

दुसऱ्याच दिवशी फोन आला. ग्वेन पीटरमन नावाच्या बाई बोलत होत्या. आमच्या तालुक्याचं काम त्यांच्याकडे होतं, आणि शेजारच्या तीन तालुक्यांचंही. मार्लिसनं फोन मोठ्या आवाजावर टाकला, कारण तिचे हात कणकेत होते.

"चिठ्ठी आली त्या दिवसापासून पंचेचाळीस दिवस," ग्वेनबाई म्हणाल्या. "तेवढ्यात दोन जाणकार येऊन तिला तपासतील, आणि मग तुमच्याच टेबलाशी बसून आपण ठरवू, तिच्यासाठी काय काय करायचं ते. नियमच आहे तसा."

मार्लिसनं हात पुसले आणि माझे चौकोन मोजले. पंचेचाळिसावा सतरा एप्रिलला आला. त्याला तिनं गोल केला.

"पंचेचाळीस दिवसांत कोंबडीखाली दोनदा पिल्लं निघतात," वेंडेल म्हणाला. "एक तपासणी व्हायला काय हरकत आहे?"

"तू कोंबड्यांशिवाय कशाचं उदाहरण देणार आहेस का कधी?"

"गव्हाचं देऊ? त्याला जास्त वेळ लागतो."

बारा मार्चला ग्वेनबाई स्वतः आल्या. पन्नाशीच्या, रुंद हाडाच्या, गाडीच्या डिकीत खेळण्यांच्या दोन टोपल्या. दालचिनीचा रोल खाताखाता त्यांनी ट्रूडीला जमिनीवर घेतलं आणि अर्धा तास तिच्याशी खेळल्या. निघताना मात्र त्यांनी एक गोष्ट हळू आवाजात सांगितली. तपासणीला दोघं लागतात, आणि इथली फिजिओथेरपिस्ट फेब्रुवारीत नोकरी सोडून गेली. दुसरी दीडशे मैलांवर आहे.

"पण होईल," त्या म्हणाल्या. "करू काहीतरी."

त्यानंतर माझ्या चौकोनांत जे लिहिलं गेलं ते असं. २६ मार्च: फोन केला, पुढच्या आठवड्यात म्हणाल्या. २ एप्रिल: ड्यूटी बदलून घेतली, घरीच, कुणी आलं नाही. ९ एप्रिल: १:५० ला फोन वाजला, ट्रूडी टबात. २:१०, २:३०, ३:०० ला परत केला, उचलला नाही. सतरा एप्रिलच्या गोलात तिनं काहीच लिहिलं नाही. त्या दिवशी तिनं सकाळी टेबल दोनदा पुसलं, एवढं मला आठवतं.

एप्रिलचं पान उलटलं, मेचं उलटलं. मार्लिसनं ड्यूट्या इतक्या वेळा बदलल्या की वृद्धाश्रमातल्या मुकादमीणबाईंनी तिला विचारलं, तुला नोकरी हवी आहे की सवड. अखेर सहा जूनला दोघी जाणकार ग्वेनबाईंबरोबर आल्या, ट्रूडीला तपासलं आणि टेबलाशी बसून पुढचं ठरवून गेल्या. मार्लिसनं चिठ्ठीपासूनचे दिवस मोजले आणि त्या चौकोनात फक्त आकडा लिहिला: ९५.

चोवीस जूनपासून रेनाटा यायला लागली. हीच ती दीडशे मैलांवरची थेरपिस्ट. महिन्यातून दोनदा यायची. पहिल्या दिवशी तिनं ट्रूडीचे पाय हातात घेतले, घोटा वाकवून पाहिला, पुन्हा वाकवून पाहिला.

"मार्चमध्ये पाहिलं असतं तर..." ती म्हणाली आणि थांबली. "असू दे. आज सुरू करू."

मार्लिसनं ती गेल्यावर माझ्यावर लिहिलं, 'मार्चमध्ये', आणि पुढे एक रेघ ओढली.

रेनाटा चांगली होती. तिनं मार्लिसला पाय कसे ताणायचे ते शिकवलं, वेंडेलला लाकडाचं एक बुटकं बाकडं करायला लावलं. ऑक्टोबरात ट्रूडी त्या बाकड्याला धरून उभी राहिली. वेंडेल ट्रकवरून आला, तिला पाहिलं आणि टोपी काढून हातात धरली. "अगं चिमणे," एवढंच म्हणाला.

डिसेंबर संपला. दुकानदारानं नवीन कॅलेंडर दिलं. ते माझ्या खिळ्यावर गेलं आणि मी हात पुसायच्या कापडांच्या खणात, तळाशी. कॅलेंडरांचं हेच होतं. बहुतेकांना तर शेकोटीच दिसते. मला मार्लिसनं का ठेवलं, ते तिलाही तेव्हा माहीत नसावं.

फेब्रुवारीत गावच्या वर्तमानपत्रात एक छोटी बातमी आली. तान्ह्या मुलांच्या या सेवेचा हिशेब प्रत्येक राज्याला दरवर्षी वॉशिंग्टनला पाठवावा लागतो, त्यावरून राज्याला शेरा मिळतो. आमच्या राज्याला सगळ्यात वरचा शेरा मिळाला होता. शंभरातल्या अठ्ठ्याण्णव मुलांचं काम पंचेचाळीस दिवसांत. आमच्या तालुक्यात तर शंभरातली शंभर. वेंडेलनं ते मोठ्यानं वाचलं.

"शंभरातली शंभर," मार्लिस म्हणाली. "मग आपली कुठली?"

"एकशे एकावी असेल."

ती हसली नाही. आईबापांना मुलाची फाईल मागता येते, हे ग्वेनबाईंनीच पहिल्या भेटीत सांगितलं होतं. तिनं पत्र पाठवलं. दहा दिवसांनी जाड पाकीट आलं. ती बटाटे सोलता सोलता एकेक कागद पाहत होती. एका कागदावर तिचा हात थांबला. तिथे छापलं होतं: उशिराचं कारण, कुटुंब. आणि खाली एक ओळ: आई घरी नव्हती, संपर्क होऊ शकला नाही.

तिनं सुरी खाली ठेवली. खण उघडला, कापडं बाजूला केली, मला बाहेर काढलं आणि तो कागद माझ्याशेजारी ठेवला. मग एकेक चौकोनावर बोट ठेवत गेली. वेंडेल दारात उभा होता. त्यानं येऊन उरलेले बटाटे सोलायला घेतले.

पुढच्या गुरुवारी ग्वेनबाई ठरल्याप्रमाणे भेटीला आल्या. मार्लिसनं कॉफी दिली, मग कागद पुढे सरकवला.

"हे तुम्ही लिहिलंत?"

ग्वेनबाईंनी चष्मा लावला, वाचलं, काढला. "हो."

"मी घरी नव्हते?"

"नऊ एप्रिलला मी फोन केला होता. तू उचलला नाहीस."

मार्लिसनं मला उघडून त्यांच्यासमोर फिरवलं. नऊ एप्रिलचा चौकोन. तीनदा परत केलेला फोन, प्रत्येकाची वेळ लिहिलेली. ग्वेनबाईंनी पुन्हा चष्मा लावला आणि तो चौकोन वाचला.

"पंचेचाळीस दिवस उलटले की संगणक कारण विचारतो," त्या म्हणाल्या. "कारण दिल्याशिवाय पुढे जाऊच देत नाही. खात्याची चूक म्हटलं की वर खुलासे, सुधारणेचे कागद, बैठका. कुटुंबामुळे म्हटलं की तो उशीर वेळेवरच धरला जातो. मूळ नियम चांगला आहे गं. कुणाचं मूल दवाखान्यात असतं, कुणी गावाला जातं, त्याचा ठपका खात्यावर का? पण आमचे खात्याचे साहेब म्हणाले, एकदा जरी फोन उचलला नाही तरी ते कुटुंबच."

"आणि तुम्ही लिहिलंत."

"चार तालुके, मार्लिस. थेरपिस्ट एकही नाही. मला वाटलं, एका ओळीनं कुणाचं काय बिघडतं."

"थेरपिस्ट नाही हे वर कुणाला कळलंच नाही ना मग," मार्लिस म्हणाली. "इथे सगळं शंभर टक्के आहे म्हटल्यावर कोण कशाला पाठवेल माणूस?"

ग्वेनबाई उठल्या. कोट घालताना त्या म्हणाल्या, "एप्रिलात राजधानीत या सेवेच्या मंडळाची बैठक आहे. कुणालाही येता येतं. आईबापांना तीन मिनिटं बोलायला देतात. ते कॅलेंडर घेऊन ये."

"तुमचं काय होईल?"

"ते मी बघेन. रस्त्याला बर्फ असेल, लवकर नीघ."

बैठकीची खोली उबदार होती आणि तिथली कॉफी पातळ, असं मार्लिस नंतर सांगायची. मी तिच्या मांडीवर होतो. भिंतीवर रंगीत पट्ट्यांचे तक्ते दाखवले जात होते, सगळ्या पट्ट्या उंच. मार्लिसचं नाव पुकारलं गेलं, तेव्हा तिनं मला टेबलावर उघडलं. भाषण तिनं केलंच नाही. तीन मार्चपासून सहा जूनपर्यंत ज्या चौकोनांत काही लिहिलं होतं, ते तारखेसकट वाचले आणि शेवटी फाईलमधली ती ओळ वाचली. तीन मिनिटं संपल्याची घंटा झाली, पण कुणी तिला थांबवलं नाही.

मग मागच्या रांगेतून ग्वेनबाई उठल्या. "ती ओळ माझी आहे," त्या म्हणाल्या. "आणि ती खोटी आहे."

आकडे जमवण्याचं काम ज्यांच्याकडे होतं ते अ‍ॅल्डन रूस नावाचे गृहस्थ पुढे आले. उंच, वाकलेले, टाय एका बाजूला. त्यांनी मार्लिसला विचारलं, "याची प्रत काढली तर चालेल?"

"काढा. पण पुसट करू नका, पेन्सिलचं आहे."

उन्हाळ्यात रूस यांनी 'कुटुंब' लिहिलेल्या चाळीस फायली काढल्या आणि त्या चाळीस घरी फोन लावले. तेवीस घरांतली कारणं खोटी निघाली. ग्वेनबाईंना लेखी ताकीद मिळाली, नोकरी राहिली. साहेबांची बदली झाली. पुढच्या हिशेबात राज्याचा आकडा एक्क्याऐंशीवर आला आणि वरचा शेरा गेला. 'राज्याची नाचक्की' अशी बातमी आली. गावात काहींनी मार्लिसला ऐकवलंही, घरचं भांडण चव्हाट्यावर नेलंस म्हणून. मात्र त्याच वर्षी आमच्या पश्चिमेकडच्या तालुक्यांसाठी दोन फिरत्या थेरपिस्ट नेमल्या गेल्या.

ट्रूडीला त्यांचा उपयोग झाला नाही. नेमणुका व्हायच्या आधीच, ऑगस्टात, तिला तीन वर्षं पूर्ण झाली, आणि तिसऱ्या वाढदिवसाला ही सेवा थांबते. रेनाटानं शेवटच्या दिवशी तिला मिठी मारली आणि खेळण्यांची टोपली गाडीत ठेवली. ट्रूडी आता पायांना आधाराचे पट्टे लावून चालते, थोडी बाहेर झुकून. मार्चमध्ये सुरू झालं असतं तर कशी चालली असती, हे कुणालाच सांगता येत नाही, आणि त्या घरात आता ते कुणी विचारतही नाही.

रूस यांनी एक पद्धत मात्र कायम केली. उशिराचं कारण 'कुटुंब' असेल तर त्या कुटुंबाला आधी विचारायचं, आणि विचारणारी व्यक्ती खात्याबाहेरची हवी. आमच्या भागात ते काम मार्लिस करते. तिचा पहिला फोन मी खणातून ऐकला. पलीकडच्या आईनं सांगितलं की हो, आम्हीच नव्हतो, माझे वडील गेले, तीन आठवडे त्यांच्या गावी होतो. मार्लिस म्हणाली, "वाईट झालं गं," आणि कागदावर तसंच लिहिलं.

मित्रांनो, आकड्यांशी माझं वैर नाही. माझं सगळं अंगच आकड्यांचं आहे. एवढंच सांगणं आहे, की वर्ष संपल्यावर घरातलं कॅलेंडर टाकायच्या आधी एकदा त्याचे चौकोन वाचा, तुमच्या आईनं त्यात काय काय लिहून ठेवलंय ते पाहा. आणि उद्या मोठे होऊन कुणाचं काम मोजायला बसलात, तर ज्यानं वाट पाहिली त्यालाही विचारा. तो बहुतेक घरीच असतो.