दुसरी साक्ष

डोंगरकड्याजवळच्या तांड्यावर पत्र्याच्या एका खोलीवर क्रूस आहे. दर रविवारी तिथे मंडळी जमते. पाळक लांब राहतात आणि अधूनमधून येतात. एरवी उपासना चालवतो तो पंच वसराम.

या मंडळीची एक जुनी रीत आहे. देवाने आपल्याला बरं केलं असं कुणाला वाटलं तर त्याने उभं राहून सांगावं, पण एकट्याने नाही. त्याचं दुखणं ज्याने घरात पाहिलं त्यानेही शेजारी उभं राहून बोलावं. तरच ती साक्ष धरायची. एकाने दारू सुटल्याची साक्ष दिली तेव्हा शेजारी उभ्या बायकोला हसू आवरलं नव्हतं. तेव्हापासून लोक या रीतीला जरा टरकून असतात.

नाताळापासून हिंगोलीचे ब्रदर कुलदीप इथे शिकवायला येऊ लागले. गळा गोड, आणि आजाऱ्याजवळ बसले की खरोखर रडायचे. वसरामची मुलगी शिला क्षयाच्या गोळ्या घेत होती. ब्रदरनी तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि सांगितलं, आता गोळी खाणं म्हणजे देवावर शंका घेणं. शिलाने गोळ्या बंद केल्या. येत्या रविवारी ती साक्ष देणार होती.

म्हातारा पेमा त्याचीच वाट पाहत होता. "शिलानं सांगितलं की मीबी शुगरच्या गोळ्या उकिरड्यावर टाकतो," तो सगळ्यांना सांगत फिरत होता.

त्या आठवड्यात वसरामच्या अंगणात हळद पॉलिश होत होती. ड्रम फिरायचा, पिवळी धूळ उडायची आणि अख्खं घर खोकायचं. शिलाही खोकायची.

"धूळ हाय," तिची आई जिवनबाई म्हणायची. ब्रदरवर तिचा फार जीव. ते आले की चहात दूध जास्त पडायचं.

"गोळ्या काहून सोडल्या?" वसरामने लेकीला विचारलं.

"बा, तुमीच शिकवलं ना, विश्वास ठेव म्हणून."

"देवावर म्हनलं होतं."

"मंग ब्रदर दुसऱ्या कोनावर ठेवायला सांगून राहिले का?"

पंच म्हणून तो ब्रदरना दारातच थांबवू शकला असता. पण मग शिलाला वाटलं असतं, बा घाबरला. शिवाय ती बरी झाली असावी असं त्यालाही मनातून हवंच होतं.

शनिवारी ब्रदर येऊन गेले. "अंकल, शिलाच्या बाजूला मी उभा राहतो."

"तुमी तिच्या घरी झोपता का?"

"म्हणजे?"

"दुसरी साक्ष घरातल्याची लागते. तिची याडी उभी राहील."

ब्रदर हसले. "मग तर काहीच तकलीफ नाही. तिची आई जिवनबाई आपल्याच आहेत."

रविवारी खोली भरली. शिला उभी राहिली. ताप गेला, भूक लागते, येशूनं मला मोकळं केलं, असं ती बोलली. शेवटच्या वाक्याला खोकला आला. तिने ओढणी तोंडाशी धरली.

"हळदीची धूळ," मागून कुणीतरी म्हणालं.

जिवनबाई शेजारी येऊन उभी होती. तिने आधी ब्रदरकडे पाहिलं, मग लेकीच्या हातातल्या ओढणीकडे.

"हळद गुरुवारी पोत्यात भरून गेली," ती म्हणाली. "ड्रमबी गेला. अंगण म्या सोता धुतलं. धूळ न्हाई आता. खोकला हाय."

"सिस्टर, तोंडातून असा अविश्वास काढू नका!" ब्रदर म्हणाले.

"मला साक्षीला उभं केलंय ब्रदर. देवापुढं खोटं कसं बोलू?"

वसराम पुढे आला. "ब्रदर, प्रार्थनेला या, गायला या. पण गोळ्या सोडायला सांगणारी शिकवण इथं चालणार न्हाई. चुकलं म्हणून इथंच उभं राहून सांगा, मंग शिकवा."

ब्रदरनी बायबल उचललं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते खोटं नव्हतं. त्यांच्यामागे काही घरं उठून गेली. ती पुढे आलीच नाहीत.

"मंग माझ्या शुगरच्या गोळ्यांचं काय?" पेमाने विचारलं.

"खाय गपगुमान."

सोमवारी वसराम शिलाला मोटारसायकलवर दवाखान्यात घेऊन गेला. वाटेत ती त्याला न धरता मागच्या कॅरिअरला धरून बसली. तपासणीत रोग अजून असल्याचं निघालं. डॉक्टर तिला रागावले आणि उपचार पुन्हा सुरू झाले. घरी आल्यावर ती आईशी बोलेना.

बऱ्याच रविवारांनंतर ती उपासनेला आली आणि तोंडाला ओढणी बांधून दाराजवळ बसली. कोणासाठी प्रार्थना करायची, असं वसरामने नेहमीप्रमाणे विचारलं. एकाने सासूचं नाव सांगितलं, पेमाने आपल्या गुडघ्याचं.

मग दाराकडून, ओढणीआडून तिचाच आवाज आला, "शिलासाठी."

वसरामने मान खाली घातली आणि सगळ्यांच्या आधी तिचं नाव घेतलं.