फर्म्याची लिहिलेली बाजू

सगळे जेवायला उठले, तसा दादांनी टेबलावरचा फर्मा उचलला आणि उलटा करून ठेवला.

फर्मा हार्डबोर्डचा होता, माणसापेक्षा वीतभर उंच. वरची कड जिन्याच्या उतारासारखी तिरकी आणि एका कोपऱ्यात तुळईसाठी खाच. त्याच्यावरून तशीच्या तशी काच कापायची होती. खाली पन्हळी काच पसरलेली होती. दादांनी तिच्यावरून तळवा फिरवला. गुळगुळीत. म्हणजे पन्हळी खाली आणि सपाट बाजू वर. कापायची रेघ सपाट बाजूवरच मारायची असते, तेवढं तरी पोरांनी नीट केलं होतं. त्यांनी फर्म्याची कड काचेच्या कडेशी जुळवली. ‘दातांच्या डॉक्टर, जिन्याखाली, बाहेरून’ हे सुनेचं टपोरं अक्षर इतका वेळ काचेकडे तोंड करून होतं, ते आता छताकडे बघू लागलं.

लिहिलेली बाजू वर. हा नियम दादांनीच घालून दिला होता, कारखाना फक्त आरसे करायचा तेव्हा. एकदा एका न्हाव्याचा मोठा आरसा फर्मा पालथा ठेवून कापला गेला होता. काचेला मागून पारा, उलटवून लावायची सोय नाही. न्हावी म्हणाला होता, “दादा, आता मी दुकान उलटं करू का?” तेव्हापासून जो कोणी फर्मा पालथा ठेवील, त्याचा दादा न्हाव्याच्या नावाने उद्धार करत.

आणि आज पालथा ठेवला होता सुनेने.

मुलगा या धंद्यात आला नव्हता. घरात पेला फुटला तरी तो खुर्चीवर पाय घेऊन बसायचा. सून मात्र लग्नानंतर वर्षभरातच फीत घेऊन मापं घ्यायला जाऊ लागली. हे काम तिने एकटीने आणलं होतं, मापं तिची, फर्मा तिचा. या नक्षीची काच बनणं बंद झालं होतं. शोधून शोधून एकच तावदान मिळालं होतं, तेच टेबलावर होतं. ते चुकीचं कापलं गेलं तर दुसरं नाही. भट्टीत तापवून कडक केल्यावर तर तिला घासूनही दुरुस्त करता येत नाही. कानस लागली की ठिकऱ्या. दादांनी सगळ्यांसमोर सांगून ठेवलं होतं, “ही काच जागेवर बसू दे. मग मी घरी बसतो.”

तिला बाजूला बोलावून सांगता आलं असतं. पण मिस्त्रीला कळलं असतं. मिस्त्री अजूनही दादांनी मान हलवल्याशिवाय काचेला कापायची हिरकणी टेकवत नसे. सुनेने सांगितलं तर “हो ताई” म्हणायचा आणि दादांकडे बघायचा. त्याच्यासमोर तिची चूक काढली असती, तर पुढे तिचं कोण ऐकणार होतं? दादांनी हात झटकले आणि काचांच्या पेट्या उतरत होत्या तिकडे, मागच्या अंगणात निघून गेले.

परत आले तेव्हा काच कापून झाली होती. मिस्त्री शेवटची पट्टी मोडत होता. रेघेखालून टिचकी, मग दोन्ही हातांचा एक झटका, आणि पट्टी कडकन सुटली. फर्मा भिंतीला टेकवून ठेवलेला होता.

“झालं?”

“झालं, दादा.” मिस्त्रीने मान वर केली नाही.

सून खाचेची कड बोटाने तपासत होती. “बाबा, जेवलात का?”

“कधीच.”

“मग बसा की जरा. उन्हात काय उभे राहता त्या पेट्यांपाशी?”

तिच्या आवाजात काहीही नव्हतं. दादा मनातल्या मनात हसले. हिला पत्ताच नाही.

संध्याकाळी घरी मात्र त्यांना राहवलं नाही. “आज तुझ्या सुनेची अब्रू वाचवली,” ते बायकोला म्हणाले आणि झाला प्रकार सांगितला.

“तिला सांगितलंत?”

“सांगून तोंडघशी पाडू?”

“मग मला तरी कशाला सांगताय?”

“कुणाला तरी नको का सांगायला!”

“तुमचं पोट म्हणजे चाळणी,” बायको म्हणाली आणि भांडी घासायला उठली.

काच भट्टीतून आली, तसे ते चौघे ती घेऊन डॉक्टरांकडे गेले. दादा, सून, मिस्त्री आणि गाडीचा ड्रायव्हर. डॉक्टरांनी जिन्याखालच्या जागेत एक छोटी खोली काढली होती, तिचा पुढचा भाग या काचेने बंद व्हायचा होता. मिस्त्रीने आणि ड्रायव्हरने रबरी पकडीने काच उचलली. सून बोलत होती, ते हलत होते. “डावीकडे. थांबा. आता खाली. हळू, हळू… सोडा.”

तिरकी कड जिन्याशी समांतर गेली. खाच तुळईखाली अशी शिरली, जणू तुळई नंतर बसवली होती. सुनेने खाली लाकडाचा टेकू मारला आणि फटीत सिलिकॉनची नळी धरली.

“सुरेख,” डॉक्टर आतून म्हणाल्या. त्यांची सावली पन्हळीत मोडून उभ्या रेषांची झाली होती. “आणि आतून गुळगुळीत. तेच हवं होतं मला. इथे सारखं पाणी उडतं, नक्षी आत आली असती तर पुसता पुसता जीव गेला असता.”

दादा बाहेर उभे होते. त्यांनी काचेवर हात ठेवला. बोटांखाली पन्हळी लागली.

हात तिथेच राहिला.

पन्हळी बाहेर, आणि फर्मा बाहेरून घेतलेला. आरसा दिसतो त्याच बाजूने कापतात, म्हणून अक्षर वर. ही काच दिसते त्या बाजूला पन्हळी, तिच्यावर रेघ मारताच येत नाही. ती पाठीकडून कापायची. टेबलावर पाठ वर होती. मग अक्षर खालीच हवं होतं. दादांनी ठेवल्याप्रमाणे कापली असती, तर ही काच इथे बसली असती, पण नक्षी आत करून. डॉक्टरांनी ती परत पाठवली असती, आणि दुसरी नव्हती.

त्यांनी मनात काच पुन्हा आडवी केली, फर्मा पुन्हा ठेवला. पुन्हा तेच उत्तर आलं.

म्हणजे त्यांच्यामागे फर्मा कुणीतरी परत पालथा केला होता.

त्यांनी मिस्त्रीकडे पाहिलं. मिस्त्री एकदम पकडीचं रबर पुसायला लागला, आधीच पुसलेलं.

सून ओठ दाताखाली धरून सिलिकॉनची रेघ ओढत होती. तिला कळलं असणार, कुणी उलटवला ते. जेवणाच्या वेळी टेबलापाशी दुसरं कुणी नव्हतंच. एका शब्दाने बोलली नव्हती. जेवलात का, एवढंच विचारलं होतं.

“शेवटी अनुभव तो अनुभव,” डॉक्टर बाहेर येत दादांना म्हणाल्या. “तुम्ही जातीने लक्ष घातलेलं दिसतंय.”

दादांनी तोंड उघडलं.

“बाबांची नजर असतेच,” सून म्हणाली. तिने मागे वळून पाहिलं नाही. सिलिकॉनची रेघ कुठेही जाड झाली नाही की तुटली नाही.

दादांनी काचेवरचा हात काढला. तळव्यावर पन्हळीचे पुसट वळ उठले होते. ते त्यांनी सदऱ्याला चोळले.

मिस्त्री खाली वाकून टेकूपाशी बसला आणि नेहमीच्या सवयीने त्याने वर बघितलं. “दादा, काढू टेकू?”

ड्रायव्हरही बघत होता. डॉक्टरही.

“मला काय विचारतोस?” दादा म्हणाले. “तिला विचार.”

मिस्त्री तिच्याकडे वळला. मग म्हणाला, “ताई, काढू?”

“अजून नाही. सिलिकॉन ओलं आहे.” सुनेने नळी खाली ठेवली. आता ती वळली आणि तिने पहिल्यांदाच सरळ दादांकडे पाहिलं. “बाबा, वरून जरा धरून ठेवता?”

दादा पुढे झाले आणि त्यांनी काच धरली.