बोध लिहायचा नाही

"पुन्हा बोध!" गोवर्धन गुरुजींनी वही टेबलावर आपटली. "अबे सूर्यभान, मी काय सांगतलं होतं अन् तू काय लिवून आनलं? 'या गोष्टीपासून असा बोध मिळतो की नेहमी खरे बोलावे.' हे मले ठाऊक नाई काय? वाचून तुले काय वाटलं, ते लिव ना!"

"चांगलं वाटलं, गुरुजी."

"काय चांगलं वाटलं?"

सूर्यभान डोकं खाजवत उभा राहिला. सातवीचा वर्ग खिदळला. शेजारी मी पाचवीला गणित शिकवत होते. मधे नुसती बांबूच्या तट्ट्याची भिंत, त्यामुळे सगळं ऐकू यायचं. या माणसाला नसते उद्योग फार, असं आम्हा सगळ्याच मास्तरांचं मत होतं.

वलगावच्या पुढचं ते खेडं. साल एकसष्ट असेल. गोष्टींची पुस्तकं कपाटात कुलूपबंद असायची. तपासणीला साहेब आले की फडक्याने पुसून दाखवायची आणि पुन्हा आत. गुरुजींनी हेडमास्तरांशी भांडून किल्ली मिळवली. ज्याने त्याने हवं ते पुस्तक घरी न्यायचं आणि वाचून झालं की वाचनवहीत मनातलं लिहायचं. गुरुजी खाली लाल शाईचा शेरा मारत नसत, पेन्सिलीने एखादा प्रश्न विचारत. "ह्या वह्या तुमच्या अन् माह्या मधातल्या," ते पोरांना सांगत. "तिसरा कोनी पाहनार नाई. भेवाचं नाई."

सगळ्यांत आधी वही भरली पंचफुलाची. ती जानरावची पोर. पाटलाच्या वावरात मजुरी करणाऱ्या जानरावने छप्पन साली वस्तीसोबत धम्म घेतला होता. पोरगी वर्गात तोंडातून शब्द काढायची नाही. वहीत मात्र गुरुजींशी कचाकचा भांडायची. राजाने हाकललं तर राणी रडत काय बसली, तिला हातपाय नव्हते का, असलं काहीबाही.

आणि इथेच गुरुजींचं चुकलं. त्यांच्या पोटात आनंद राहायचा नाही. एके दिवशी मधल्या सुट्टीत ते तिची वही घेऊन मास्तरांच्या खोलीत आले. मला म्हणाले, "माणिकबाई, आयका! पोरगी कशी इचार करून राहिली, पाहा!" आणि त्यांनी मोठ्याने वाचलं:

"गोष्टीतली मुलगी विहिरीवर गेली आणि वाटसरूला पाणी दिले. तिला कोणी अडवले नाही. मी गेले तर खुशालराव पाटलांचा गडी माझी बादली फेकून देतो. मग वाटसरूला मी पाणी कुठून देऊ? गोष्ट लिहिणाऱ्याने एकदा माझ्या मायसोबत पाण्याला यावे."

कोपऱ्यात हेडमास्तर चहा पीत होते. खुशालराव पाटील म्हणजे आमच्या संस्थेचे अध्यक्ष. हेडमास्तरांनी कप खाली ठेवला आणि ते उठून गेले.

दुसऱ्या दिवशी पाटील शाळेत हजर. "काहून, गुरुजी? पोट्ट्यायले हेच शिकवून राहिले काय तुमी?"

"तिनं पाह्यलं ते लिवलं, पाटील." इतकं तरी ते बोलले.

"मंग तुमीबी दुसरी शाळा पाहा. अन् जानरावले सांगतो, उद्यापासून वावरात येऊ नोको."

गुरुजींची नोकरी कच्ची होती. घरी आंधळी आई, दोन लेकी. त्यांनी पंचफुलाला हाक मारली. आम्ही सगळे दारात उभे होतो.

"पंचफुला, ते पान फाडून टाक, माय."

"काहून? खोटं हाय काय, गुरुजी?"

"नाई."

"मंग?"

गुरुजींनी तिच्या हातातली वही घेतली आणि पान स्वतःच टरकावलं. पाटलांनी ते घडी करून खिशात घातलं. पोरगी रडली नाही. नुसती गुरुजींकडे बघत राहिली, आणि मला वाटलं, मेली रडली असती तर बरं झालं असतं.

शनिवारी तिने पुस्तक परत आणलं, सोबत वही. गुरुजींनी घाईघाईने पान उघडलं. वळणदार अक्षरात लिहिलं होतं: "हे पुस्तक फार चांगले आहे. या गोष्टीपासून असा बोध मिळतो की मोठ्यांचे ऐकावे."

"हे नोको, पंचफुला," गुरुजी हळूच म्हणाले. "तुले काय वाटलं वं?"

"चांगलं वाटलं, गुरुजी."

"काय चांगलं वाटलं?"

"बोध," ती म्हणाली आणि बाकावर जाऊन बसली.

लोक म्हणतील, बिचाऱ्याची लाचारी होती. असेल. मला मात्र त्यांचा संताप आला, अजूनही येतो. त्यांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. मग उठले, हेडमास्तरांकडून लाल शाईची दौत मागून आणली, आणि तिच्या ओळीखाली 'ठीक' लिहून सही केली.