जवाई यायच्या आधी

अंजनगाव सुर्जीच्या पुढे, पक्क्या सडकेपासून बरंच आत, जानरावांचं गाव होतं. गावात मोटार एकच, तीही जानरावांची. दुसरी मोठी लढाई संपल्यावर लष्कराच्या जुन्या सामानाचा लिलाव झाला, त्यात त्यांनी ही पिकअप घेतली होती. पुढे तिघं बसतील एवढी जागा आणि मागे उघडा हौदा. हंगामात तिच्यातून कापूस सरकी काढायला जिनात जायचा, आणि गावात कोणी आजारी पडलं की तेही तिच्यातूनच दवाखान्यात जायचं.

गाडीत खोट एकच होती. ती खालून बसकी होती. गावची पांधण म्हणजे बैलगाड्यांच्या दोन खोल चाकोऱ्या आणि मधे मातीचा वरंबा. काळी माती वाळली की तो वरंबा दगडासारखा व्हायचा. पिकअपची चाकं चाकोरीत उतरली की हौद्याखालची लोखंडी चौकट त्याच्यावर खरडायची.

लेकीच्या, गोदाच्या लग्नात तर गाडी वरंब्यावर चढूनच बसली. नवरदेव सहदेव बाळापूरकडचा. त्याला सडकेवरून मांडवात आपण स्वतः गाडीतून आणायचं, अशी जानरावांची फार हौस होती. भर वैशाखात, अर्ध्या पांधणीत चाकं नुसती गरगर फिरायला लागली. शेवटी नवरदेव बाशिंग सांभाळत खाली उतरला आणि उन्हातून पायी मांडवात गेला. तेव्हापासून गोदा माहेरी यायची ती दिराबरोबर. सहदेव काही ना काही काम सांगून मागे राहायचा. यंदा मात्र दिवाळीच्या पाडव्याला दोघंही येणार असा निरोप आला.

निरोप आला त्याच दिवशी जेवता जेवता जानराव म्हणाले, "गाडी उंच करतो मी."

"उंच करता म्हंजे?" बायकोने, सुभद्राबाईंनी विचारलं. "गाडी का पोट्टं हाये वाढाले?"

"पाटे घालतो जास्तीचे. मांगच्या कमानीले लोखंडी पाटे वाढवले का गाडी वर उचलते."

"अमरावतीच्या मिस्तरीले देऊन टाका ना मंग."

"त्याच्या हाती दिली का दिवाळी तथीच करीन ते गाडी. माहं मीच करतो."

सुभद्राबाईंनी भाकरी वाढली. हे जवायासाठी चाललंय, हे त्यांना समजलं होतं. जानराव ते तोंडाने सांगणार नाहीत, हेही त्यांना माहीत होतं.

दुसऱ्या दिवसापासून जानराव तयारीला लागले. आधी गाडीखाली आडवे होऊन त्यांनी ज्वारीच्या धांड्याने पाट्यांची लांबी मोजली, रुंदी मोजली आणि धांडे तिथल्या तिथे त्या मापाचे मोडून घेतले. ते धांडे पिशवीत घालून ते अकोल्याला गेले. भंगाराच्या दुकानात ट्रकचे जुने पाटे ढिगाने पडले होते. जानराव एकेका पाट्यावर धांडा ठेवून बघत होते, ते पाहून दुकानदार हसला. जानरावही हसले, पण धांडा काही सोडला नाही. जुळणारे पाटे मिळाले. पाट्यांचा थर जाड होणार म्हणजे त्यांना आसाशी आवळून धरणारे यू-बोल्टही लांब हवेत, हे त्यांच्या आधीच ध्यानात आलं होतं. तेही त्यांनी तिथेच करून घेतले.

गावच्या डोमाजी लोहाराने पाट्यांची टोकं कापून घासून दिली. जानरावांनी बाभळीचे जाड ठोकळे गोठ्यामागून ओढून आणले. गंजलेल्या नटांवर रोज सकाळी ते चिंधीने घासलेट पिळायचे आणि संध्याकाळी पाना लावून बघायचे. पहिला नट सैल झाला तेव्हा त्यांनी सुभद्राबाईंना हाक मारून दाखवला. त्या पिठाच्या हातानेच बाहेर आल्या, नट बघितला, आणि "बरा हाये," म्हणून आत गेल्या. जानरावांना तेवढं पुरलं. कित्येक वर्षांत त्यांचे दिवस इतके मजेत गेले नव्हते.

मग जॅक लावून, थोडं थोडं करून, गाडी ठोकळ्यांवर चढवली. पाटे बसल्यावर जेवढी उंच व्हायची तेवढीच ती आता उभी होती. आस आणि चाकं मात्र खाली जमिनीवर. सुभद्राबाई चहा घेऊन आल्या आणि वाकून बघायला लागल्या.

"हे रबराची नळी कावून अशी ताणून राहिली?"

"ब्रेकची हाये ते. वरून आसाले जाते."

"मंग तुटन ना ते. मांगं विहिरीची गराडी आपण वर बसवली, तवा दोर पुरला नाई, नवा घ्या लागला होता."

जानराव गाडीखाली शिरले. नळी तारेसारखी ताठ झाली होती. पाटे, बोल्ट, ठोकळे, सगळं त्यांनी मनाशी घोकलं होतं. नळी तेवढी ध्यानातून सुटली होती. बाहेर येऊन ते कपाळावर हात मारून हसले. "बाप्पा! पहिल्याच खड्ड्यात ब्रेक गेला असता माहा."

दुसऱ्या दिवशी ते अमरावतीला जाऊन लांब नळी घेऊन आले. बसमधून अंजनगावला उतरतात तो समोर गोदा उभी, आणि तिच्या शेजारी ट्रंक घेतलेला सहदेव. पाडव्याला यायची माणसं आधीच आली होती. सहदेव मास्तर होता, आणि त्याच्या शाळेला सुटी लवकर लागली होती.

जानरावांच्या धोतरावर काळे डाग होते आणि गळ्यात रबरी नळी. त्यांनी ती घाईघाईने पिशवीत कोंबली. सहदेव पाया पडला.

"गाडी कुठी हाये बाबा?" गोदाने विचारलं.

"ठोकळ्यावर हाये."

नशिबाने डोमाजी कोळसा न्यायला बैलबंडी घेऊन आला होता. पोत्यांवर घोंगडी टाकून सगळे बसले. सडक संपली, पांधण लागली. जानरावांनी पिकापाण्याचं विचारलं, सहदेवने तेवढ्यापुरतं सांगितलं. लग्नातली ती जागा जवळ आली तसे जानराव दुसरीकडे, तुरीकडे बघायला लागले.

डोमाजीला मात्र राहवलं नाही. "जवाईबापू, तुमच्यासाठीच तं गाडी खोलून ठेवली हाये जानराव पाटलानं. इथी आता पुन्हा अडकणार नाई म्हन्ते."

"डोमाजी, बैलाकडे पाह्य," जानराव म्हणाले.

सहदेव हळू आवाजात म्हणाला, "मामाजी, मले चाला लागलं याचा राग नव्हता. तुमी गाडीजवळच थांबले. मी मांडवात पोचलो, तं तुमच्याकडचं मले पुढं होऊन कोनी घ्याले नव्हतं. सारे गाडी ढकलत होते."

जानरावांना हे आजवर कधी सुचलंच नव्हतं. त्या दिवशी ते बैल जुंपायला, दोर बांधायला धावत होते. गाडी निघाली की मागून जाऊन नवरदेवाला गाठू, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. दोन वर्षं त्यांनी सगळा दोष त्या वरंब्यावर टाकला होता.

"चुकलंच माहं," ते म्हणाले. "गाडीचंच घेऊन बसलो मी. तुमच्यासंगं याले पायजे होतं."

सहदेवने मान हलवली. गोदा दोघांकडे आळीपाळीने बघत होती. तिने पिशवीतून शेंगदाण्याचे लाडू काढले आणि पहिला डोमाजीला दिला.

सकाळी जानराव गाडीखाली शिरले, तर मागून सहदेवही बाह्या वर करून आला. सुभद्राबाई दारातून ओरडल्या, "अवो, जवायाले काम सांगता का? लोक काय म्हन्तीन?"

"मीच आलो, मामी. मले पाह्याचं हाये."

"मंग जुना सदरा तरी घाला," असं म्हणून त्यांनी जानरावांचा एक सदरा आणून दिला. तो सहदेवला दोन्ही बाजूंनी सैल होत होता.

दिवसभर दोघं गाडीखाली होते. जुने बोल्ट निघाले, नवे पाटे चढले. सहदेव पाटा दाबून धरायचा आणि जानराव नट फिरवायचे. एकदा पाना निसटून सहदेवच्या अंगठ्याला लागला. "काही नाई, काही नाई," म्हणत त्याने अंगठा तोंडात घातला. गोदा बाहेरून हसली तेव्हा तो तिच्यावरच चिडला. शेवटी नळी बसली, आणि जॅक उतरवताना दोघांनी श्वास रोखून धरला. पिकअप पाट्यांवर टेकली, किंचित करकरली आणि थांबली. पूर्वीपेक्षा चांगलीच उंच दिसत होती.

उजेड होता तोवरच ती पांधणीतून सडकेपर्यंत नेऊन आणली. वरंब्यावरचं गवत खालून सरसरत गेलं, चौकट कुठेही खरडली नाही. परत गावाकडे वळताना जानरावांनी गाडी थांबवली.

"चालवून पाह्यता?" त्यांनी विचारलं.

सहदेव उत्सुकतेने स्टिअरिंगपाशी बसला. पहिल्यांदा गाडीने एक उडी मारली आणि बंद पडली. दुसऱ्यांदाही तेच झालं. हौद्यात बसलेली गोदा म्हणाली, "मी उतरून पायी जाते बाप्पा!" पण उतरली नाही. तिसऱ्यांदा गाडी हळूहळू निघाली. जानराव शेजारी बसून एक हात बाहेर टाकून पुढच्या वाटेकडे बघत होते आणि मधून मधून म्हणत होते, "जाऊ द्या, जाऊ द्या. चांगलं चाललं हाये."