इतर व्यक्ती : नाही

माझं अक्षर सुंदर आहे. हे मला स्वतःलाच सांगावं लागतं, कारण कौतुक करणारा भाऊ आता राहिला नाही. शाळेच्या ऑफिसात मी बत्तीस वर्षं क्लार्क होते. दाखले, हजेऱ्या, पत्रं, सगळं माझ्या हातचं. त्यामुळे दादाने बाइंडिंगचं दुकान काढलं आणि स्वतःचा धंदा करणाऱ्याला लागतो तो टॅक्सचा नंबर घेतला, तेव्हा दर वर्षी फॉर्म कोण भरणार हा प्रश्नच आला नाही. कोरा फॉर्म समोर आला की दादाला घाम फुटायचा.

दुकानात दोघं असायची. दादा पुठ्ठे कापायचा, कापड चढवायचा, पुस्तकं दाबाखाली ठेवायचा आणि गिऱ्हाइकांशी गप्पा मारायचा. पडद्यामागे वहिनी शिलाई करायच्या. शाळेची वही असो की हाताएवढं जाड रजिस्टर, सगळी पानं त्यांच्या बोटांतून जायची. पुढे दादाचे हात थरथरायला लागले, तसं कापणंही वहिनींकडे आलं आणि दादाकडे फक्त गप्पा उरल्या. त्या मात्र तो मन लावून करायचा. कोणी शिलाईची तारीफ केली की पडद्याकडे मान वळवून ओरडायचा, "ऐकलंस का?"

फॉर्मच्या सातव्या रकान्यात प्रश्न असायचा : ‘व्यवसायात काम करणाऱ्या घरातील इतर व्यक्ती’. पहिल्याच वर्षी दादाने विचारलं, "इथे हिचं नाव घालायचं ना?"

नाव घातलं की मागे आणखी तीन पानं जोडायची. त्या व्यक्तीची माहिती, फोटो, सह्या. मला अंधार पडायच्या आत घरी पोचायचं होतं.

"बायकोने हातभार लावला म्हणून कोणी सरकारला कळवतं का?" मी म्हणाले. दादा हसला आणि मी वळणदार अक्षरात ‘नाही’ लिहिलं. एकदोनदा त्याने पुन्हा विषय काढला, तेव्हा "चालत्या गाडीला खीळ कशाला घालतोस?" म्हणून मीच त्याला गप्प केलं. चोवीस वर्षं मी तिथे ‘नाही’ लिहीत आले. खाली दादा न वाचता सही करायचा. माझ्यावर त्याचा तेवढा विश्वास होता.

दादा गेला तो भर दुपारी, दुकानात, खुर्चीत बसल्या बसल्या. वहिनींना वाटलं, गिऱ्हाईक नाही म्हणून गप्प आहेत. त्यांनी हातातलं रजिस्टर शिवून पुरं केलं आणि मग बाहेर आल्या.

पंधरा दिवसांनी हॉस्पिटलचं पत्र आलं. हॉस्पिटलची सगळी रजिस्टरं दादाच्या दुकानात बांधली जायची आणि त्या कामावरच दुकान उभं होतं. पत्रात दोनच ओळी होत्या. बाइंडिंगचं काम ज्याच्या स्वतःच्या टॅक्स नंबरावर निदान दहा वर्षांची नोंद आहे त्यालाच मिळेल, आणि कागद महिनाअखेरीपर्यंत पोचले पाहिजेत. दादाचा नंबर तर दादाबरोबरच बंद झाला होता.

"हे काम गेलं तर वन्सं, दुकान ठेवून मी करू काय?" वहिनी म्हणाल्या.

"जातंय कुठे?" मी म्हणाले. "सरकारी काम आणि सहा महिने थांब, हे दुसऱ्यांसाठी. मी तुमच्याबरोबर आहे ना?"

टॅक्स ऑफिसात खिडकीमागे सर्दीने बेजार झालेला एक साहेब बसला होता. माणूस सज्जन होता. वाईट असता तर निदान त्याच्याशी भांडता आलं असतं. त्याने दादाच्या मृत्यूचा दाखला बघितला, मान हलवली आणि वहिनींना म्हणाला, "नवा नंबर तुम्हाला आत्ता मिळेल. आणि जुन्या फॉर्मांवर तुमचं नाव असेल ना, तर ती वर्षंही तुमच्या नंबरावर चढवता येतात. सातव्या रकान्यात बघावं लागेल."

खरं सांगते, तोपर्यंत मला तो रकाना आठवलाही नव्हता. आता माझ्या तोंडचं पाणी पळालं. फाइल काढायला साहेब उठला तशी मी घाईघाईने म्हणाले, "अहो, हातच्या काकणाला आरसा कशाला? यांची बोटंच बघा ना!" आणि वहिनींचा उजवा हात धरून मी खिडकीतून आत सारला. दोरा ओढून ओढून पहिल्या बोटावर खोल वळ पडलेला, सुईच्या टोचण्यांनी अंगठा चाळणीसारखा झालेला.

साहेबाने तो हात नीट बघितला. "दिसतंय मला, बाई," तो म्हणाला. "पण बोटं काही फाइलला लावता येत नाहीत."

फाइल आली. तिची पाठ वहिनींच्याच शिलाईची असती तर इतकी खिळखिळी झाली नसती, असा भलताच विचार माझ्या मनात आला. साहेब एकेक वर्ष उलटत गेला. "नाही. नाही. इथेही नाही." चोवीस वेळा. मग नाक पुसत म्हणाला, "अक्षर मात्र सुरेख आहे हो. कोणाचं?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. वहिनी त्या पानाकडे बघत होत्या. माझं अक्षर त्या ओळखत होत्या. त्यांच्या घरातल्या प्रत्येक डब्यावरची चिठ्ठी मीच लिहून दिली आहे.

"एक मार्ग आहे," साहेब म्हणाला. "तुम्ही लिहून द्या की या फॉर्मांमधली माहिती खोटी होती. चौकशी होईल, वेळ लागेल. पण तसा अर्ज आज दाखल झाला, तर हॉस्पिटल थोडं थांबतं. खोटी माहिती दिली म्हणून ठपका सही करणाऱ्यावर येईल. पण ते आता नाहीत, त्यामुळे त्यांना काही त्रास नाही."

"साहेब, ते मी..." मी तोंड उघडलं.

वहिनींनी माझं मनगट धरलं. वळ पडलेलं ते बोट माझ्या हाडाला लागत होतं.

"माहिती बरोबर आहे, साहेब," त्या म्हणाल्या. "मी आपली घरीच असायचे. वन्संना बोटांचं काय वाटलं कोण जाणे."

साहेबाने एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघितलं आणि नव्या फॉर्मवर लिहिलं, ‘व्यवसाय सुरू केल्याची तारीख : आज’. वहिनींना अठ्ठावन्नावं वर्ष चालू होतं.

बाहेर पायऱ्यांवर मी रडायला लागले. त्या नाही रडल्या. मी म्हटलं, "का असं केलंत? शिव्या घाला मला. चुलीत घाला माझं अक्षर. मी सांगितलं असतं ना, लिहिणारी मी होते!"

"लिहिणाऱ्या तुम्ही, पण सही यांची," वहिनी म्हणाल्या. "शेवटची तीन वर्षं सही करायला यांना किती वेळ लागायचा, बघितलंय ना तुम्ही? डाव्या हाताने उजवा धरून करायचे. ती सही खोटी आहे, असं मी माझ्या हाताने लिहून देऊ?"

मग थोडं चालल्यावर, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पहिल्या वर्षी मी पडद्याआड होते, वन्सं. सगळं ऐकलं होतं. वाटलं होतं, हे म्हणतील, नाही, घाल तिचं नाव. हे हसले." आपलेच दात, आपलेच ओठ.

हॉस्पिटलचं काम गेलं. दाबाचं यंत्र विकलं, दुकानाची पुढची अर्धी जागा एका चष्मेवाल्याने घेतली. पडद्यामागे वहिनी शाळेच्या वह्या आणि एखाददुसरं फाटकं पुस्तक शिवत बसतात. मी रोज दुपारी जाते, खळ शिजवते, पुठ्ठे कापते. पुठ्ठे वाकडे कापते.

परवा वर्ष पुरं झालं आणि त्यांच्या नंबराचा पहिला फॉर्म आला. "भरा," म्हणून त्यांनी तो माझ्यापुढे सरकवला. नाव, पत्ता, नंबर लिहीत मी सातव्या रकान्यापाशी आले आणि माझा हात थांबला.

"माझं नाव घालू का इथे?" मी विचारलं. "खळ करते ना मी. तीन पानं जोडीन, तेरा जोडीन."

वहिनींनी दोरा दातांनी तोडला. समोर खिळ्याला दादाची रिकामी पिशवी अजून तशीच टांगलेली होती, त्या तिकडे बघत होत्या.

"कशाला? पुठ्ठे वाकडे कापता तुम्ही," त्या म्हणाल्या. "‘नाही’च लिहा, वन्सं. आता ते खरं आहे."