शतावरीच्या किड्यांची बदली

परसातल्या विलायती शतावरीला तीन वर्षांनी भाजीजोगे कोंब आले, आणि लगेच त्यांच्यावर किडे आले. पहिल्या भाजीसाठी आई, म्हणजे बेबीताई, कधीची वाट बघत होती. पण फवारा काही मारू देईना. आमचं पंचशील पाळणारं घर. किडे हातानं वेचायचे आणि लांब नेऊन जिवंत सोडायचे.

गावाबाहेर सोडलेले किडे संध्याकाळी परत आल्यासारखे वाटायचे. म्हणून मी डबाभर किडे घेऊन संग्रामपूरहून एसटीनं जळगाव जामोदला गेलो. स्टँडवर एक बाई मांडीवर तसलाच डबा घेऊन बसल्या होत्या.

"काय हाय हो ताई डब्यात?"

"शतावरीवरचे किडे. संग्रामपूरले सोडाले चालली."

"काऊन? तिथं माही शतावरी हाय ना!"

"मंग तुमच्या डब्यात काय हाय? किडेच ना? इथं माही शतावरी हाय!"

कोणाचंच नुकसान नको म्हणून आम्ही डबे बदलले आणि समाधानानं आपापल्या घरी गेलो.

आईनं झाकण उघडलं. "हे आपले नाहीत बे."

"जळगावचे हायत."

"इतक्या दुरून आले, अन् तू यायले उपाशी ठेवलं?"

तिनं त्यांना अलगद कोंबांवर सोडलं. पहिली भाजी पाहुण्यांनी खाल्ली.